ग्रीटिंग कार्डांचा छोटा व्यवसाय सुरू करायचाय, सुरुवात कुठून करू?

कागदफूल

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षं मी हौस म्हणून शुभेच्छापत्रं बनवतेय. जलरंगातलं चित्र, कडेला थोडं क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेली नक्षी), आत हातानं लिहिलेल्या दोन ओळी. आधी घरच्यांसाठी केली, मग मैत्रिणी मागायला लागल्या आणि गेल्या वर्षभरात ऑफिसमधल्या लोकांनी पैसे देऊन करून घेतली. आता हाच व्यवसाय नीट करावा असं मनानं घेतलंय.

अडचण अशी की परवा एका ऑर्डरच्या वेळी घड्याळ लावून बसले, तर एका कार्डाला पन्नास मिनिटं लागली. ऑर्डर चाळीस कार्डांची होती. बारा दिवस रोज रात्री जागले. पैसे मिळाले तेव्हा आनंद झाला, पण हिशेब मांडला आणि गप्प बसले.

हातानंच करत राहू की छापून घेऊ? डिझाइनं किती असावीत? किंमत कशी ठरवायची? आणि मनात सतत घोळणारा प्रश्न, शुभेच्छा मोबाइलवर जातात त्या काळात कार्ड विकत घेणारा माणूस नेमका कोण? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती. चुकाही सांगा, त्यांचा जास्त उपयोग होईल.

रानजाई

वाचतेय. मलाही हेच विचारायचं होतं.

जुनी गड्डी

कागदफूल ताई, सहा वर्षं हा उद्योग करतोय, म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. बाकी सगळ्याची उत्तरं त्यातून निघतात.

सुरुवातीला मी चित्रं काढायचो आणि मग ती कुठल्या प्रसंगाला चालतील ते शोधायचो. पहिल्या वर्षीचा निम्मा माल पडून राहिला. मग एका ओळखीच्या दुकानदारांची परवानगी घेऊन दोन दुपारी त्यांच्या कार्डांच्या स्टँडजवळ नुसता उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले, खांद्याला ऑफिसची बॅग. सांत्वनाच्या कार्डांचा कप्पा बघत होते. एक कार्ड उचललं, उघडलं, वाचलं, ठेवलं. दुसरं उघडलं, ठेवलं. असं सहा-सात वेळा. प्रत्येकात चार-चार ओळींची कविता होती. शेवटी त्यांनी कप्पाच बदलला आणि आतून कोरं असलेलं, वर एकच पान रंगवलेलं कार्ड घेतलं. तिथेच काउंटरवर पेन मागून घेतलं आणि बराच वेळ नुसतं हातात धरून उभे राहिले, मग दोन ओळी लिहिल्या.

त्यांना लिहायला जागा हवी होती आणि लिहायला धीर देईल असं एक चित्र हवं होतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक डिझाइनच्या मागे पेन्सिलीनं आधी लिहितो : कोण, कोणाला, कशासाठी. 'वाढदिवस' एवढं लिहून भागत नाही. 'वर्षभर फोन न केलेल्या मित्राला वाढदिवस' असं लिहिलं की वर काय छापायचं ते आपोआप सुचतं. मोबाइलवरचा निरोप पटकन जातो आणि पटकन वर सरकतो. कार्ड घेणारा माणूस असा असतो ज्याला तो निरोप टिकायला हवा असतो : माफी, आभार, आजारपणातून उठलेल्याला धीर, निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना निरोप. तो माणूस डोळ्यांसमोर ठेवा. खप सगळ्यात जास्त वाढदिवसाच्याच कार्डांचा असतो, तो धरावाच लागतो, पण तुमचं नाव होईल ते बाकीच्या कार्डांवर.

डिझाइनं सहा ते आठ, त्याहून जास्त नकोत. त्यातली निम्मी वर्षभर चालणारी असावीत. सणावाराचा माल तारीख उलटली की पुढच्या वर्षापर्यंत पेटीत जातो.

तिसरी घडी

गड्डी दादांशी शंभर टक्के सहमत. माझा अनुभव कागदाचा आहे, तो लिहिते.

माझी पहिली छपाई तीनशे कार्डांची. मुखपृष्ठावर गडद निळं आकाश, घडीवरून मागच्या पानापर्यंत पसरलेलं. पडद्यावर फार सुंदर दिसत होतं. छापून आलेला गठ्ठा उघडून पहिलं कार्ड दुमडलं आणि घडीवर पांढरी, खरबरीत रेघ उमटली. दुसऱ्यावर तीच. तीनशेच्या तीनशे कार्डांवर आकाशाला तडा. छापखान्याशी वाद घातला, पण चूक माझी होती. मी ग्रेनबद्दल काही सांगितलंच नव्हतं, कारण मला तो शब्दच माहीत नव्हता.

कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात. ती दिशा म्हणजे ग्रेन. घडी ग्रेनला समांतर आली तर कागद गुमान वळतो. आडवी आली तर तंतू मोडतात आणि वरचा रंग फुटतो. ओळखायचं सोपं आहे : कोरा ताव हातात घेऊन आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवा, पण दुमडू नका. ज्या बाजूनं कमी विरोध होतो, तिकडे वाकवताना जी रेषा तयार होते ती ग्रेनची दिशा. दोनदा करून बघितलंत की बोटांना कळायला लागतं. डिजिटल छपाईत टोनर (पावडरीची शाई) कागदाच्या वरच बसतो, आत मुरत नाही, म्हणून तो आणखी लवकर फुटतो. त्यामुळे घडीच्या आधी क्रीझिंग (दुमडायच्या रेषेवर दाबून खाच पाडणं) करून घ्याच, आणि जमेल तिथे गडद सपाट रंग घडीपर्यंत नेऊच नका.

जाडी म्हणाल तर २५० ते ३०० जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डाला पुरते. त्याखाली कार्ड उभं ठेवलं की पोट काढतं. आणि आतली बाजू कृपा करून चकचकीत करू नका. कागद घेण्याआधी त्यावर बॉलपेन, जेलपेन आणि शाईचं पेन, तिन्हींनी लिहा, दहा आकडे मोजा, बोट फिरवा. जेलची शाई फराटली तर तो कागद कार्डाचा नाही, मग बाहेरून कितीही देखणा असो. गड्डी दादांच्या त्या गृहस्थांनी लिहिलेल्या दोन ओळी पुसल्या गेल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार करा.

लिफाफा

आधी पाकीट, मग कार्ड. हा क्रम उलटा केला की पस्तावायला होतं. मी चौकोनी कार्डं केली होती, मापाची पाकिटं मिळेनात, शेवटी सगळी हातानं कापून चिकटवली. शिवाय काही देशांच्या टपालात चौकोनी पाकिटाला जादा आकार पडतो, कारण ते छाननीच्या यंत्रात नीट सरकत नाही.

सुरुवातीला ए६ धरा. ए५चा ताव (१४८ × २१० मिमी) मधोमध दुमडला की १०५ × १४८चं कार्ड होतं, ते सी६ पाकिटात (११४ × १६२) छान बसतं. चारी बाजूंना मोकळं राहतं, जाड सजावट असली तरी कोपरे दुमडत नाहीत.

वजनाचा हिशेब तर घरबसल्या होतो. ए० ताव बरोबर एक चौरस मीटरचा, ए५ त्याचा बत्तिसावा भाग. ३०० जीएसएमचं कार्ड म्हणजे ३०० भागिले ३२, साधारण साडेनऊ ग्रॅम. त्यात पाकीट चार-पाच ग्रॅम. आत पातळ कागदाचा इन्सर्ट घातलात तर आणखी तीन. बऱ्याच देशांत साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो, म्हणजे आपण काठाच्या आत आहोत. त्यावर क्विलिंगची फुलं किंवा लाकडी बटण लावलं की काठ ओलांडला, आणि जादा टपालखर्च तुमच्या गिऱ्हाइकाच्या माथी. ताई, तुमच्या क्विलिंगच्या कार्डासाठी हे नक्की तपासा. फुगवट्यामुळे पाकीटही फाटतं.

शाईचा डाग

हातानं की छापून, यावर थोडं वेगळं मत. हातकाम सोडू नका. छापील कार्डं ढिगानं मिळतात, तुमच्याकडे लोक आले ते तुमच्या हातासाठी.

हिशेबवही

शाईचा डाग, भावना पटते, पण पन्नास मिनिटांचं काय? समजा दुकानात कार्डाची किंमत १०० आहे (चलन कुठलंही धरा, १०० म्हणजे पूर्ण किंमत). घाऊक विक्रीत दुकानदार साधारण निम्मी किंमत देतो. त्याच्याही जागेचं भाडं, पगार, न खपलेला माल असतो, त्यामुळे ते गैर नाही. तुमच्या हातात ५०. त्यातून कागद, छपाई, क्रीझिंग, पाकीट, पारदर्शक पिशवी, वाया गेलेले नग, नमुने, पाठवणी आणि तुमचा वेळ. मी स्वतः सगळा साहित्यखर्च २०च्या आत ठेवतो. तो २५च्या वर गेला की ते डिझाइन दुकानात देत नाही, फक्त थेट विकतो. उरलेल्या ३०त पन्नास मिनिटं बसत नाहीत, कुठल्याही चलनात बसत नाहीत.

बरेच जण सुरुवातीला थेट विक्री धरून किंमत ५५-६० ठेवतात. वर्षभरानं दुकान मिळालं की एक तर तोटा सोसायचा, नाहीतर जुन्या गिऱ्हाइकांना एकदम वाढलेली किंमत सांगायची. दोन्ही जड जातं. पहिल्या दिवसापासून घाऊक गणित पुरं पडेल अशीच किंमत लावा आणि ती धीरानं सांगा.

शाईचा डाग

हिशेबवही, मुद्दा मान्य. मग मधला रस्ता सुचवतो, आणि तो माझ्या डोक्यातून आलेला नाही, या धंद्याच्या जन्मापासूनचा आहे. व्यापारी नाताळ कार्ड म्हणून जे पहिलं ओळखलं जातं ते लंडनमधलं, १८४३चं. हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, लिथोग्राफीनं (शिळाछापानं) सुमारे हजार प्रती छापल्या आणि त्या हातानं रंगवून घेतल्या. म्हणजे रेषा छापील, रंग हाताचा. तीन वर्षं आधी, १८४०मध्ये, ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जायला लागलं होतं आणि त्या सुधारणेच्या कामात कोल स्वतः होते. पत्र पाठवणं स्वस्त झालं, मग पाठवायला काहीतरी हवं झालं.

दुसरं उदाहरण तर ताईंच्याच परिस्थितीतलं. अमेरिकेतल्या वूस्टर गावची एस्थर हाउलँड. वडिलांचं स्टेशनरीचं दुकान. तिला एक इंग्लिश व्हॅलेंटाइन कार्ड मिळालं, ते बघून तिनं घरी नमुने केले आणि भावानं ते आपल्या विक्रीच्या दौऱ्यावर नेले. २०० डॉलरच्या ऑर्डरी मिळाल्या तरी पुरे असं तिला वाटत होतं, तो ५,००० डॉलरच्या घेऊन परतला असं सांगतात. एकटीनं होणारं काम नव्हतं. तिनं मैत्रिणींना घरी बोलावलं आणि काम वाटून दिलं : एकीनं कापायचं, एकीनं चिकटवायचं, अशी साखळी. कार्डं हाताचीच राहिली, पण प्रत्येक हाताला एकच काम.

तर चित्र छापून घ्या, आणि प्रत्येक कार्डावर हाताचं एकच काम ठेवा, जे दोन मिनिटांत होईल. एक फूल रंगवा, एक टाका घाला, एक सोनेरी ठिपका द्या.

तिसरी घडी

+१. 'एकच काम' हे फार मोलाचं आहे.

जलरंगाची चित्रं छापायची तर स्कॅनिंगला जपा. फिकट वॉश (पातळ रंगाचे थर) स्कॅनरमध्ये उडून जातात, कागदाचा पांढरा आणि तुमचा हलका गुलाबी एकच दिसायला लागतो. मूळ चित्र जरा गडद काढा. त्याच मापात छापायचं असेल तर ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके) पुरे, मोठं करायचं असेल तर ६००ला स्कॅन करा. कटिंगसाठी चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून जाणारा जादा रंगीत भाग) सोडा. छापखान्याच्या एसआरए३ तावावर (३२० × ४५० मिमी) ब्लीडसकट चार उघडी ए५ कार्डं बसतात, त्यामुळे डिझाइनं चारच्या पटीत लावली तर ताव वाया जात नाही. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि नारिंगी छपाईत मळतातच, म्हणून पूर्ण ऑर्डरआधी एक छापील प्रूफ (तपासायचा नमुना) हातात घ्या. त्याचे पैसे वाचवू नका.

कागदफूल

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! रात्री दोनदा वाचलं. गड्डी दादा, तुमच्या त्या गृहस्थांचा प्रसंग डोक्यातून जात नाहीये. आज सकाळी जुन्या अठरा डिझाइनांच्या मागे 'कोण, कोणाला' लिहायला बसले. अकरांच्या मागे काहीच लिहिता आलं नाही. ती बाजूला ठेवली.

दोन शंका. आतल्या मजकुरासाठी आवडत्या कवींच्या ओळी, गाण्यांच्या ओळी वापरल्या तर चालतं का? खाली नाव दिलं तर? आणि दुकानदार म्हणतात माल ठेवून जा, विकला की पैसे देऊ. ते घ्यावं का?

मधली ओळ

मजकुराचं मी सांगते. नाव दिल्यानं परवानगी मिळत नाही, हा गैरसमज फार पसरलाय. आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो, आणि बऱ्याच देशांत ही मुदत ६० किंवा ७० वर्षं आहे. गाण्याची एक ओळसुद्धा विकायच्या वस्तूवर छापायची तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी. इंटरनेटवरची सुविचारांची वाक्यं तर आणखी धोक्याची, ज्याच्या नावावर फिरतात त्यानं ती म्हटलेलीही नसतात.

फाँटचंही तसंच. फुकट उतरवलेले पुष्कळ फाँट फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात. देवनागरीसाठी मुक्त, बालू यांच्यासारखे ओपन फाँट लायसन्सचे फाँट आहेत, ते व्यवसायात वापरता येतात. एक तांत्रिक सूचना : डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) चालू नसेल तर जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जाते. छापखान्याला फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करून (अक्षरं चित्रासारखी आकारांत बदलून) द्या, म्हणजे त्यांच्या मशीनवर फाँट नसला तरी बिघडत नाही.

पण मी म्हणते, दुसऱ्याच्या ओळी हव्यातच कशाला? तुम्ही मैत्रिणींच्या कार्डांत जे लिहीत होतात ते आठवा. वाक्य जितकं साधं, तितकं ते विकत घेणाऱ्याला आपलं वाटतं. 'तुझी आठवण रोज येते' यापेक्षा 'चहा करताना अजून दोन कप काढते' हे वाचून माणूस थांबतो. मोठ्यानं वाचून बघा. जी ओळ आपण कुणाला तोंडानं म्हणू शकणार नाही, ती कार्डावर नको. आणि खाली दोन बोटं तरी जागा सोडा, कारण शेवटची ओळ पाठवणाऱ्याची असते.

हिशेबवही

माल ठेवून जा या पद्धतीबद्दल : मी कधीच घेत नाही. पैसे अडकतात, कार्डं उन्हानं पिवळी पडतात, कोपरे मऊ होऊन परत येतात.

जुनी गड्डी

मी इतकं ठाम म्हणणार नाही. पहिल्या दोन दुकानांत मी तसाच माल ठेवला होता, आणि काय खपतं ते मला तिथेच कळलं. फक्त लेखी करून घ्या : किती नग दिले, किती दिवसांनी हिशेब, खराब झालेल्याची भरपाई कोणाकडे. दर महिन्याला स्वतः जाऊन मोजा. तीन महिन्यांनी सांगा, आता रोख. एका डिझाइनचे सहा-सहा नग पाकिटांसकट द्यायची पद्धत ठेवा. दुकानदाराला एकदम पन्नास घ्यायची भीती वाटते, सहा तो सहज घेतो.

रानजाई

या धाग्याची वाचनखूण साठवली. 'दोन कप' वाचून आईची आठवण आली.

कागदफूल

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय.

आठ डिझाइनं केली, प्रत्येकी पन्नास. प्रूफमध्ये दोनांचा गुलाबी खरंच उडाला होता, पुन्हा रंगवून स्कॅन केली. क्विलिंग पूर्ण काढलं. ते काढताना रडू आलं, खोटं कशाला सांगू. त्याच्या जागी प्रत्येक कार्डावर ब्रशनं एकच पाकळी रंगवते, दीड मिनिट लागतं. क्रीझ करून आलेला गठ्ठा दुमडायला मी, बहीण आणि शेजारच्या काकू बसलो होतो. काकूंनी घडी दाबायची, बहिणीनं पाकीट लावायचं, मी पाकळी. चारशे कार्डं तीन रविवारी झाली. घडीवरून बोन फोल्डर (घडी दाबायची गुळगुळीत पट्टी) फिरवताना पहिल्यांदा तो मऊ आवाज आला, कुठेही तडा नाही, तेव्हा तिसरी घडी ताईंची आठवण झाली.

दोन दुकानांत ठेवली, लेखी करून. वाढदिवसाची तिन्ही डिझाइनं बरी चाललीत. सगळ्यात वेगानं संपलं ते मात्र ज्याच्यावर मी सगळ्यात कमी भरवसा ठेवला होता ते, 'उशीर झाला, पण विसरले नव्हते' आणि आत पूर्ण कोरं. पन्नासच्या पन्नास गेली. दुकानदार स्वतः फोन करून म्हणाले, या वेळी रोखीनं घेतो, सहाचे चार गठ्ठे द्या. नवीन बाळाचं कार्ड बारावर अडकलंय. मागचं 'कोण, कोणाला' वाचलं तर तिथे नुसतं 'बाळासाठी' लिहिलेलं होतं.

हिशेबवही, साहित्यखर्च २२वर आलाय. २०च्या आत आणायला कुठे हात घालू? पाकिटाचा कागद उतरवायची माझी मुळीच इच्छा नाही.

हिशेबवही

अभिनंदन! पाकिटाला हात लावू नका. पुढच्या छपाईत जे संपलं त्याचे दोनशे नग घ्या, बाळाचं डिझाइन वगळा. नग वाढले की छपाईचा दर उतरतो, २० आरामात गाठाल.

जुनी गड्डी

ताई, बाळाचं कार्ड वगळण्याआधी एकदा त्याच्या मागे नव्यानं लिहून बघा. 'पहिल्यांदा आजी झालेल्या मैत्रिणीला' असं काहीतरी. आणि 'विसरले नव्हते'ला 'विसरलो नव्हतो'ची जोडी करा, माझ्यासारखे बरेच जण ते शोधत येतील.